दोन सेकंदांची रेघ: गॅमा किरण स्फोटांच्या वर्गीकरणाच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

प्रकल्पाला आज सुरुवात झाली. कॉम्प्टन, स्विफ्ट आणि फर्मी या तीन अवकाश वेधशाळांच्या खुल्या सूचींमधील गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारे गॅमा किरणांचे लोट, एका तक्त्यात आणायचे आणि प्रत्येकासमोर त्याचा प्रकार लिहायचा, एवढेच काम आहे. तक्त्याच्या शेवटच्या रकान्याला ‘प्रकार’ असे नाव दिले असून त्यात ‘अल्प’ किंवा ‘दीर्घ’ यांपैकी एकच शब्द येईल, असे ठरले. गटात आम्ही तिघे आहोत. एका सहकाऱ्याकडे आज्ञावली आहे, एका सहकारी बाईंकडे सांख्यिकी आहे आणि नोंदवही माझ्याकडे आली आहे.

वर्गीकरणासाठी टी९० ही राशी घ्यायची आहे. पार्श्वभूमी वजा केल्यानंतर स्फोटातून आलेल्या एकूण गणनेचे (मोजलेल्या फोटॉनांच्या संख्येचे) ५ टक्के जमा होतात तो क्षण आणि ९५ टक्के जमा होतात तो क्षण, या दोहोंमधील अंतर म्हणजे टी९०. हे अंतर दोन सेकंदांपेक्षा कमी असेल तर स्फोट अल्प, नाहीतर दीर्घ, हा नियम इतका प्रचलित आहे की आज त्यावर कोणी चर्चाही केली नाही. महिनाभरात काम संपेल असा अंदाज मी लिहून ठेवत आहे.

१० जानेवारी २०२४

पहिला आयतालेख काढला आणि तो फसला. टी९० ची मूल्ये सरळ सेकंदांत घेऊन समान रुंदीचे वर्ग पाडले, तेव्हा डावीकडे एक उंच स्तंभ आणि उजवीकडे लांबच लांब उतरणारी शेपटी दिसली. दोन गटांचा मागमूस नव्हता. स्फोटांचा कालावधी सेकंदाच्या शंभराव्या भागापासून हजार सेकंदांपर्यंत, म्हणजे पाच दशमान पायऱ्यांवर पसरलेला असल्यामुळे दहा सेकंद रुंदीच्या वर्गात सगळे अल्प स्फोट पहिल्याच स्तंभात कोंबले जातात. मूल्यांचे लॉगॅरिदम घेऊन पुन्हा आलेख काढल्यावर दोन उंचवटे वर आले. अल्प स्फोटांचा उंचवटा सेकंदाच्या काही दशांशांपाशी आहे, दीर्घ स्फोटांचा वीस-तीस सेकंदांच्या आसपास आहे, आणि मध्ये उथळ दरी आहे. ती दरी आहे, भिंत नाही, हे आजच नोंदवून ठेवतो. तिच्या तळाशीही बरेच स्फोट आहेत.

विषयाला धरून एक बातमी: मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत आकाशाचा मोठा भाग एका वेळी पाहणारा आइन्स्टाइन प्रोब हा चिनी उपग्रह काल प्रक्षेपित झाला. त्याच्या नोंदी हाती येऊ लागल्या की आमच्या तक्त्याची ऊर्जेकडील खालची कड सरकेल. तूर्त आम्ही तीनच सूचींवर थांबलो आहोत.

१७ जानेवारी २०२४

दोन सेकंदांची मर्यादा कोठून आली, हे शोधण्यात दिवस गेला आणि तो सत्कारणी लागला असे वाटते.

गॅमा किरण स्फोट प्रथम टिपले ते अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या वेला उपग्रहांनी. सर्वांत जुनी नोंद २ जुलै १९६७ ची असून लॉस अलामॉसच्या क्लेबसॅडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी १९७३ मध्ये १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली. व्हेनेरा यानांवरील कोनुस उपकरणांच्या नोंदींत कालावधींचे दोन गट असावेत असे १९८१ मध्येच माझेत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले होते. मात्र रेघ पक्की झाली ती १९९३ मध्ये. क्रिसा कुव्हेलिओटू आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्टन वेधशाळेवरील बॅट्से उपकरणाच्या पहिल्या सूचीतील २२२ स्फोटांचा आलेख काढला, तेव्हा दरीचा तळ दोन सेकंदांपाशी आला. म्हणजे ही मर्यादा तारा, कृष्णविवर किंवा अन्य कशाच्याही सिद्धान्तातून निघालेली नाही; ती एका विशिष्ट उपकरणाने टिपलेल्या २२२ स्फोटांच्या आलेखावरून वाचलेली आहे.

त्याच लेखात दुसरी एक गोष्ट दाखवली होती आणि ती मर्यादेइतकी लोकांच्या लक्षात राहिलेली नाही. १०० ते ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) या पट्ट्यातील गणनेला ५० ते १०० च्या पट्ट्यातील गणनेने भागले की कठोरता गुणोत्तर मिळते, आणि अल्प स्फोटांचे हे गुणोत्तर सरासरीने अधिक असते. अल्प स्फोट कमी वेळ टिकतात एवढेच नाही, तर त्यांतील फोटॉन तुलनेने अधिक ऊर्जेचेही असतात. दोन वेगळ्या मोजमापांत गट वेगळे पडतात, म्हणून त्यांच्या मुळाशी दोन वेगळ्या घटना असाव्यात ही शंका बळावली. कठोरतेचा रकाना आज तक्त्यात वाढवला.

२५ जानेवारी २०२४

सूचीतील टी९० आयता घेण्याऐवजी तो स्वतः काढून पाहावा, असे ठरले. प्रत्यक्ष स्फोटाआधी कृत्रिम स्पंद घेतले, कारण त्यांचे खरे उत्तर आपल्याला आधीपासून माहीत असते.

पहिला स्पंद एकदम चढून घातांकी रीतीने विझणारा घेतला. त्याचा कालस्थिरांक, म्हणजे तेज सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, एक सेकंद असेल तर टी९० म्हणजे १९ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, अर्थात २.९४ सेकंद. आज्ञावलीने हेच उत्तर दिले. मग स्पंदाचा आकार तसाच ठेवून तो फिका केला. शिखराची उंची पार्श्वभूमीच्या खडबडीतून जेमतेम २.७ पट वर राहील इतका फिका केल्यावर त्याचा दिसणारा भाग एका सेकंदात संपतो, आणि तेवढाच भाग खरा मानून हिशेब केला तर टी९० सुमारे ०.८९ सेकंद येतो. स्पंद तोच आणि कालस्थिरांकही तोच असताना आमच्या नियमाने तो जवळून ‘दीर्घ’ आणि दुरून ‘अल्प’ ठरला.

दुसरी चाचणी अधिक अस्वस्थ करणारी निघाली. पाव सेकंदाचा एक तीव्र स्पंद घेतला आणि त्यानंतर पाचव्या सेकंदापासून पासष्टाव्या सेकंदापर्यंत सपाट, मंद शेपटी जोडली. शेपटीत एकूण गणनेच्या ४ टक्के ठेवले तेव्हा ९५ टक्क्यांचा क्षण मुख्य स्पंदातच पडला आणि टी९० पाव सेकंदाहूनही कमी आला. शेपटीत ६ टक्के ठेवताच तो क्षण शेपटीत एक षष्ठांश आत शिरला आणि टी९० पंधरा सेकंदांवर गेला. दोन टक्क्यांच्या फरकाने उत्तर साठ पटींहून अधिक बदलले. अशी शेपटी केवळ आमच्या आज्ञावलीत असते तर चिंता नव्हती, परंतु नॉरिस आणि बॉनेल यांनी २००६ मध्ये दाखवल्याप्रमाणे काही अल्प स्फोटांना सुरुवातीच्या तीव्र ठोक्यानंतर काही डझन सेकंद चालणारे मृदू, ‘विस्तारित उत्सर्जन’ खरोखरच असते.

महिन्याचा अंदाज चुकणार, हे आज कळले.

२ फेब्रुवारी २०२४

तिन्ही सूचींतील अल्प स्फोटांचे प्रमाण शेजारी शेजारी मांडले. बॅट्सेच्या सूचीत साधारण चौथा हिस्सा अल्प आहे, फर्मीच्या जीबीएम उपकरणाच्या सूचीत साधारण सहावा हिस्सा आणि स्विफ्टच्या सूचीत जेमतेम दहावा. आकाश एकच आहे, त्यामुळे फरक उपकरणांत शोधावा लागतो.

कारण समजायला अवघड नाही. स्विफ्टचा बॅट हा शोधक १५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपासून पुढे पाहतो, तर जीबीएमचा टी९० ५० ते ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात काढतात. अल्प स्फोट कठोर असल्यामुळे मृदू पट्ट्यातील उपकरणाला ते कमी सापडतात. शिवाय स्फोटातील स्पंदांची रुंदी ऊर्जा वाढेल तशी घटते, ढोबळपणे ऊर्जेच्या उणे ०.४ व्या घाताने. या हिशेबाने ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला दिसणारा स्पंद १५ ला सुमारे १.६ पट रुंद दिसेल. त्यात स्विफ्ट फिका, लांबट स्फोट अधिक वेळ गोळा केलेल्या प्रतिमेतूनही शोधू शकतो, म्हणून दीर्घ स्फोटांचा भरणा आणखी वाढतो.

डिसेंबर २०२१ मधील जीआरबी २११२११ए (जीआरबी हे गॅमा किरण स्फोटाचे इंग्रजी लघुरूप) हा स्फोट दोन्ही सूचींत आहे. जीबीएमच्या मते तो सुमारे ३४ सेकंद टिकला आणि स्विफ्टच्या मते सुमारे ५१ सेकंद. दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. येथे नियम ओलांडला जात नाही, पण असाच फरक दीड आणि अडीच सेकंदांत पडला असता तर तक्त्यातील शब्द बदलला असता. या स्फोटाकडे पुढे सावकाश यावे लागणार आहे.

९ फेब्रुवारी २०२४

आठवडा नावांत गेला. खगोलशास्त्रज्ञ स्फोटाला दिनांक आणि त्यापुढे अक्षर अशा नावाने ओळखतात. २०१० पूर्वी त्या दिवशी एकच स्फोट असेल तर अक्षर लावत नसत, त्यानंतर पहिल्यालाही ‘ए’ लागू लागला. जीबीएमच्या सूचीत मात्र अक्षराऐवजी दिवसाचा सहस्रांश असतो: वर उल्लेखिलेला स्फोट तेथे २११२११५४९ या क्रमांकाने आहे, म्हणजे दिवसाचा ०.५४९ भाग, जागतिक वेळेनुसार दुपारचे एक वाजून दहा मिनिटे. आमच्या आज्ञावलीने केवळ दिनांक जुळवले आणि एकाच दिवशीच्या दोन वेगळ्या स्फोटांची लग्ने लावून दिली. एका ओळीत एका स्फोटाची कठोरता आणि दुसऱ्याचा कालावधी आल्याचे लक्षात आल्यावर संपूर्ण जुळणी पुसून, वेळ आणि आकाशातील स्थान या दोहोंवरून ती नव्याने केली.

१५ फेब्रुवारी २०२४

तिसरा गट आहे की नाही, यावर आज बराच वेळ वाद झाला.

लॉगॅरिदम घेतलेल्या टी९० च्या आलेखावर दोन प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) वक्र बसवले तर दरीच्या उजव्या उतारावर ते किंचित कमी पडतात. १९९८ मध्ये होर्वाथ यांनी बॅट्सेच्या नोंदींवरून हेच दाखवले आणि अल्प व दीर्घ यांच्या मध्ये दोन ते दहा सेकंदांच्या आसपास ‘मध्यम’ स्फोटांचा गट सुचवला. त्याच वर्षी मुखर्जी आणि सहकारी वेगळ्या पद्धतीने तीन गटांपर्यंत पोहोचले. आमच्या आज्ञावलीनेही तीन वक्र दिल्यावर आनंदाने तीनही बसवले, यात नवल नाही. चार दिले असते तर तिने चारही बसवले असते.

सांख्यिकी पाहणाऱ्या सहकारी बाईंनी येथे आम्हाला थांबवले. दोन प्रसामान्य वक्रांना पाच प्राचल (जुळवून घ्यायचे आकडे) लागतात आणि तिघांना आठ, म्हणून जुळणी सुधारणारच. ती सुधारणा वाढीव प्राचलांच्या किमतीला परवडते का, हा प्रश्न आहे. त्याहून मूलभूत मुद्दा असा की मुळातला गट सममित असावा, असे गृहीत धरण्याला भौतिक आधार नाही. दोन्ही वक्रांना थोडी विषमता दिली, म्हणजे एक बाजू दुसरीपेक्षा लांब असू दिली, तर सात प्राचलांत काम भागते आणि मधला गट विरघळतो. टार्नोपोल्स्की यांनी फर्मीच्या नोंदींबाबत याच प्रकारे युक्तिवाद केला आहे.

माझे मत नोंदवतो: मध्यम गट तक्त्यात घेऊ नये. ज्या गटाचे अस्तित्व वक्राच्या आकाराबद्दलच्या आपल्या गृहीतकावर अवलंबून आहे, त्याला निसर्गातील प्रकार म्हणण्याची घाई कशाला?

२३ फेब्रुवारी २०२४

आजची नोंद लांबणार आहे, कारण दोन सेकंदांच्या रेघेबद्दल माझे मत ज्या एका आलेखामुळे बदलले, तो आज स्वतः काढून पाहिला.

दीर्घ स्फोटांचे उगमस्थान म्हणजे कोसळणारा अजस्र तारा, ही कल्पना वूस्ली यांनी १९९३ मध्ये मांडली. ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनते, त्याभोवती पडणाऱ्या द्रव्यातून दोन झोत निघतात आणि त्यांना ताऱ्याचे उरलेले अंग भेदून बाहेर यावे लागते. या भेदनाला काही सेकंद, ढोबळपणे दहा सेकंद लागतात आणि त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. कृष्णविवर आणि त्यावर पडणारे द्रव्य यांचे हे यंत्र जितका वेळ चालले त्यातून भेदनाचा वेळ वजा केला की जो उरतो, तो आपल्याला दिसणारा कालावधी.

आता भेदनाला दहा सेकंद लागतात आणि यंत्रे कधी अकरा, कधी बारा, कधी पंधरा सेकंद चालतात असे धरू. यंत्रांच्या आयुष्यात दहा सेकंदांपाशी काही विशेष घडत नसेल, तर दहा ते अकरा सेकंद चालणारी यंत्रे जितकी, साधारण तितकीच चौदा ते पंधरा सेकंद चालणारी असणार. म्हणजे एका सेकंदाहून कमी दिसणारे स्फोट आणि चार ते पाच सेकंद दिसणारे स्फोट साधारण समान संख्येने आढळले पाहिजेत. दर सेकंदामागे स्फोटांची संख्या मोजली, तर भेदनाच्या वेळेखाली आलेख सपाट झाला पाहिजे. ब्रॉम्बर्ग, नाकर, पिरान आणि सारी यांनी हे पठार तिन्ही उपकरणांच्या नोंदींत दाखवले. आमच्या आलेखातही, लॉगॅरिदमी वर्गांतील संख्येला वर्गाच्या सेकंदांतील रुंदीने भागल्याबरोबर, वीस सेकंदांच्या खाली पठार उभे राहिले आणि त्याच्याही डावीकडे, अगदी कमी कालावधीला, अल्प स्फोटांचा कडा पुन्हा वर चढू लागला. १० जानेवारीच्या आलेखात ज्याला आम्ही दरी म्हटले, तिचा मोठा भाग केवळ लॉगॅरिदमी वर्गांमुळे तसा दिसत होता.

याचा परिणाम असा की पठार दोन सेकंदांपाशी तुटत नाही. ते शून्यापर्यंत चालत राहते, म्हणून दोन सेकंदांखालीही कोसळणाऱ्या ताऱ्यांचे स्फोट असतात आणि त्यांची अपेक्षित संख्या पठाराच्या उंचीवरून काढता येते. २०१३ च्या त्यांच्या लेखात हा हिशेब पूर्ण केला आहे. बॅट्सेसाठी दोन सेकंदांची रेघ बऱ्यापैकी चालते, परंतु स्विफ्टसाठी ती सुमारे ०.८ सेकंदांवर आणावी लागते. स्विफ्टने टिपलेला दीड सेकंदाचा स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मृत ताऱ्यांच्या अतिघन अवशेषांच्या) मिलनाचा, जो अल्प स्फोटांचा उगम मानला जातो, असण्यापेक्षा कोसळणाऱ्या ताऱ्याचा असण्याचीच शक्यता अधिक.

‘प्रकार’ हा रकाना आज प्रथमच संशयाने पाहिला.

७ मार्च २०२४

बरोबर वर्षापूर्वी, ७ मार्च २०२३ रोजी, जीआरबी २३०३०७ए हा स्फोट टिपला गेला. आजवरच्या सर्वांत तेजस्वी स्फोटांच्या क्रमवारीत तो दुसरा आहे आणि टी९० सुमारे ३५ सेकंद असल्यामुळे आमच्या तक्त्यात ‘दीर्घ’ म्हणून बसला आहे. तो तेथे बसायला नको.

आधी दीर्घ स्फोटांचे सर्वमान्य चित्र लिहितो. २५ एप्रिल १९९८ च्या स्फोटाच्या जागी एसएन १९९८बीडब्ल्यू हा सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, सापडला आणि २९ मार्च २००३ च्या स्फोटाच्या उत्तरदीप्तीच्या, म्हणजे स्फोटानंतर रेंगाळणाऱ्या प्रकाशाच्या, वर्णपटात एसएन २००३डीएच स्पष्ट उमटला. त्यानंतर दीर्घ स्फोट म्हणजे अजस्र ताऱ्याचा मृत्यू, हे समीकरण रुळले. अल्प स्फोटांचे धागे मे २००५ मध्ये हाती आले. जीआरबी ०५०५०९बी या निमिषमात्र स्फोटाचे स्थान स्विफ्टने ठरवले, तेव्हा जवळ एक लंबवर्तुळाकार दीर्घिका आढळली. तिच्यात नवे तारे जवळजवळ बनत नाहीत, म्हणून अल्पायुषी अजस्र ताऱ्याऐवजी जुन्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीचे मिलन हा उगम पटण्याजोगा होता.

पहिला तडा २००६ मध्ये गेला. जीआरबी ०६०६१४ सुमारे १०२ सेकंद टिकला आणि त्याची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाला येणारा लालपणा, जो अंतरासोबत वाढतो) केवळ ०.१२५ होती. इतक्या जवळ सुपरनोव्हा दिसायलाच हवा होता. शोधणाऱ्यांनी एसएन १९९८बीडब्ल्यूच्या शंभर पटींहून फिक्या पातळीपर्यंत शोध घेतला, तरी काही मिळाले नाही.

आज जीआरबी २११२११ए चा प्रकाशवक्र जीबीएमच्या मूळ नोंदींतून काढून मोठ्या कागदावर छापला आणि टेबलावर पसरला. पहिली सुमारे तेरा सेकंद एकामागून एक अरुंद, काटेरी शिखरे आहेत. मग तेज खाली बसते, परंतु पार्श्वभूमीपर्यंत पोहोचण्याआधीच पुन्हा उचलते, आणि पुढे पन्नासेक सेकंद मऊ, ढिसाळ चढउतार चालू राहतात. ५० ते १०० आणि १०० ते ३०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट हे पट्टे वेगळे छापले, तेव्हा वरच्या पट्ट्यातील दुसरा भाग झपाट्याने आटलेला दिसला. हा आकार २५ जानेवारीला आम्ही हाताने बनवलेल्या स्पंदाचाच आहे: आधी कठोर ठोका, मग मृदू शेपटी. फरक एवढाच की ठोका पाव सेकंदाऐवजी तेरा सेकंदांचा आहे. सुमारे ११० कोटी प्रकाशवर्षांवरील या स्फोटाच्या जागी सुपरनोव्ह्याऐवजी अवरक्त किरणांत लवकर लाल होत जाणारी किलोनोव्ह्याची चमक सापडली. किलोनोव्हा म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनात उडालेल्या द्रव्यात जड मूलद्रव्ये बनून त्यांच्या किरणोत्सारी ऊर्जेने होणारा प्रकाश.

वर्षापूर्वीच्या स्फोटाबाबत पुरावा आणखी नेमका आहे. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात २.१५ मायक्रॉनपाशी एक उठावदार रेषा असून ती टेल्युरियमची मानली जाते. स्फोटाची जागा जवळच्या दीर्घिकेपासून सुमारे १,२०,००० प्रकाशवर्षे दूर, ओसाड भागात आहे. जन्माच्या वेळच्या धक्क्यांनी दीर्घिकेबाहेर फेकली गेलेली जोडी तेथे पोहोचू शकते, अजस्र तारा तेवढ्या आयुष्यात पोहोचत नाही. मिलनानंतर उरणारी द्रव्याची तबकडी लहान असते आणि लवकर संपते, म्हणून तीस-पस्तीस सेकंद यंत्र कशावर चालले, हा प्रश्न सिद्धान्तकारांपुढे उघडा आहे. आमच्यापुढचा प्रश्न लहान आहे: रकान्यात काय लिहायचे?

१४ मार्च २०२४

उलट दिशेची उदाहरणेही नोंदवणे आवश्यक आहे, अन्यथा चूक एकाच बाजूची आहे असा समज होईल.

जीआरबी २००८२६ए चा टी९० सुमारे १.१४ सेकंद आहे. त्याची ताम्रसृती ०.७४८ असून विश्वाच्या प्रसरणामुळे काळही त्याच पटीने ताणला जातो, १.१४ ला १.७४८ ने भागले की उगमापाशी तो सुमारे ०.६५ सेकंद उरतो. कोणत्याही रेघेने तो अल्पच ठरतो, आणि तरीही त्याच्या जागी नंतर सुपरनोव्ह्याचा उंचवटा आढळला. पठाराचे गणित सांगते तसाच, ताऱ्याच्या पृष्ठभागातून जेमतेम डोके वर काढलेला हा झोत असावा.

१७ ऑगस्ट २०१७ चा स्फोट तर रेघेवरच उभा आहे. जीआरबी १७०८१७ए गुरुत्वीय लहरींच्या संकेतानंतर १.७ सेकंदांनी आला, एनजीसी ४९९३ या सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेत त्याचा किलोनोव्हा सापडला, आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाचा याहून थेट पुरावा दुसऱ्या कोणत्याही स्फोटाला नाही. त्याचा टी९० मात्र २.० सेकंद, अधिक-उणे ०.५ आहे. ज्या स्फोटाचा उगम आपल्याला सर्वांत खात्रीने माहीत आहे, त्याचे वर्गीकरण आमचा नियम नाणेफेकीवर सोडतो.

तिसरे उदाहरण १५ एप्रिल २०२० चे. जीआरबी २००४१५ए सेकंदाचा जेमतेम सातवा भाग टिकला, परंतु तो मिलनही नव्हता आणि तारा कोसळणेही नव्हते. एनजीसी २५३ या शेजारच्या दीर्घिकेतील मॅग्नेटारची, म्हणजे अतितीव्र चुंबकक्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याची, ती महाज्वाला होती असे मानले जाते. ‘अल्प’ या डब्यात असे आणखी किती परके बसले असतील?

दुसऱ्या टोकाला जीआरबी १११२०९ए आहे. तो काही तास चालला, आणि पृथ्वीला सुमारे दीड तासात प्रदक्षिणा घालणाऱ्या उपग्रहाला तो सलग पाहताच आला नाही. त्याचा अखंड वक्र पृथ्वीपासून दूर असलेल्या विंड यानावरील कोनुस उपकरणाने टिपला. त्याच्यासोबतही सुपरनोव्हा होता. तक्त्यात त्याच्या टी९० पुढे तारांकित खूण केली आहे.

२२ मार्च २०२४

कालावधीवर विसंबायचे नसेल तर वर्णपटीय विलंब पाहावा, असे सुचवले गेले. दीर्घ स्फोटांत कठोर पट्ट्यातील स्पंद आधी आणि मृदू पट्ट्यातील नंतर पोहोचतो. अल्प स्फोटांत हा विलंब शून्याच्या आसपास असतो. जीआरबी ०६०६१४ आणि जीआरबी २११२११ए या दोन्ही लांब स्फोटांत तो मोजक्या मिलिसेकंदांचा आहे, म्हणून हे माप उपयोगी वाटले.

दोन चुका झाल्या. पहिल्या प्रयत्नात ६४ मिलिसेकंदांच्या खिडक्या वापरल्या आणि सर्व अल्प स्फोटांचा विलंब अगदी शून्य आला. पट्टीवरील खुणांपेक्षा लहान वस्तू मोजल्यावर दुसरे काय येणार? जीबीएम प्रत्येक फोटॉनची वेळ दोन मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवतो, तेव्हा त्या मूळ नोंदींकडे जावे लागले. दुसऱ्या प्रयत्नात उत्तरे आली, पण निम्म्या दीर्घ स्फोटांत मृदू पट्टा पुढे धावताना दिसला. कृत्रिम स्पंदात मृदू पट्टा मुद्दाम शंभर मिलिसेकंद मागे ठेवून तपासले, तेव्हा आज्ञावलीच्या एका फांदीत वजाबाकी उलटी असल्याचे सापडले.

माप आता बरोबर आहे, तरी निर्णायक नाही. अतितेजस्वी दीर्घ स्फोटांचा विलंबही कमी असतो, हे नॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्येच दाखवले आहे. रकाना ठेवला आहे, त्यावरून निकाल द्यायचा नाही.

२ एप्रिल २०२४

यंत्रशिक्षणाचा प्रयोग केला. २०२० मध्ये जेस्पर्सन आणि सहकाऱ्यांनी स्विफ्टच्या प्रकाशवक्रांचे फूरिये रूपांतर (वक्राची वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींत फोड) करून ते टी-एसएनई या, सारख्या नोंदी शेजारी ठेवणाऱ्या, पद्धतीने सपाट नकाशावर मांडले, तेव्हा स्फोटांची दोन बेटे वेगळी झाली. आमच्याही नकाशावर दोन पुंजके दिसले आणि काही क्षण उत्साहाचे गेले.

नंतर एकाच आकाराचे, केवळ लांबी वेगळी असलेले कृत्रिम स्पंद त्याच प्रक्रियेतून सोडले, तर तेही लांबीनुसार वेगळे पडले. हे होणारच होते, कारण स्पंद जितका आखूड तितके त्याचे फूरिये रूपांतर रुंद. त्यामुळे नकाशावरील अंतरात कालावधी किती आणि आकार किती, हे पाहताक्षणी सांगता येत नाही. शिवाय या पद्धतीत बेटांमधील अंतराला अर्थ नसतो आणि शेजाऱ्यांची संख्या किती धरायची हा प्राचल बदलला की किनारे हलतात. माझ्या मते हा नकाशा संशयित निवडण्यासाठी चांगला आहे: ‘दीर्घ’ म्हणून नोंदलेला स्फोट अल्पांच्या बेटावर दिसला, तर त्याच्या मागे दुर्बीण लावावी.

११ एप्रिल २०२४

‘प्रकार’ हा रकाना आज काढून टाकला. एकमत होते.

त्याच्या जागी तीन रकाने आले. पहिल्यात टी९०, त्याची अनिश्चितता, उपकरण आणि ऊर्जेचा पट्टा हे चारही एकत्र लिहायचे. पट्ट्याविना टी९० यापुढे स्वीकारला जाणार नाही. दुसऱ्यात त्या उपकरणाच्या पठारावरून काढलेली, स्फोट कोसळणाऱ्या ताऱ्याचा नसण्याची संभाव्यता, शून्य ते एक. तिसऱ्यात उगम, आणि त्यासोबत पुराव्याचे नाव: सुपरनोव्हा, किलोनोव्हा, गुरुत्वीय लहरी किंवा यजमान दीर्घिका (स्फोट जिच्यात झाला ती). उगमासाठी बिंग झांग यांनी सुचवलेली नावे घेतली आहेत: मिलनाचा तो पहिला प्रकार, अजस्र ताऱ्याचा तो दुसरा. या नावांत कालावधीचा उल्लेख नसल्यामुळे ‘दीर्घ अल्प-स्फोट’ यांसारखी कसरत करावी लागत नाही. मॅग्नेटारच्या महाज्वालांसाठी वेगळी खूण ठेवली.

यजमान दीर्घिकेचा पुरावा एकट्याने पुरेसा धरायचा का, यावर मतभेद राहिले. लंबवर्तुळाकार दीर्घिका मिळाली तर मिलनाच्या बाजूने वजन पडते. नवे तारे बनवणारी दीर्घिका मिळाली तर काहीच ठरत नाही, कारण तेथे दोन्ही घडू शकते. तूर्त पहिल्या स्थितीत ‘संभाव्य’ असे लिहायचे आहे.

१८ एप्रिल २०२४

नव्या रचनेत तक्ता पूर्ण भरला. जीआरबी २३०३०७ए आणि जीआरबी २११२११ए पहिल्या प्रकारात, किलोनोव्ह्याच्या पुराव्यावर. जीआरबी २००८२६ए दुसऱ्या प्रकारात, सुपरनोव्ह्याच्या पुराव्यावर. जीआरबी १७०८१७ए पहिल्या प्रकारात, गुरुत्वीय लहरींच्या पुराव्यावर, आणि तो पुरावा असलेली संपूर्ण तक्त्यातील ही एकमेव ओळ आहे. जीआरबी ०६०६१४ पुढे ‘संभाव्य’ लिहिले, कारण त्याच्या जुन्या निरीक्षणांत किलोनोव्ह्याची शक्यता २०१५ मध्ये दाखवली गेली असली तरी ती चमक आता पुन्हा तपासता येणार नाही.

बहुतेक ओळींत ‘उगम’ हा रकाना कोरा आहे. ताम्रसृती मोजली गेलेले स्फोटच थोडे, आणि त्यांतही सुपरनोव्हा दिसण्याइतके जवळचे त्याहून थोडे. तक्ता उघडताना आज्ञावली प्रत्येक कोऱ्या घरासाठी त्रुटीचा इशारा देत होती आणि पडदा इशाऱ्यांनी भरून जात होता. सहकाऱ्याने संध्याकाळी तो इशारा बंद केला आणि कोऱ्या घराला वैध मूल्य म्हणून मान्यता दिली.